एका पोत्यातलं 'निजामाचं विमान'

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळ्या काढणाऱ्या कारखान्यांना भंगार कधी पुरत नाही. बंद पडलेल्या साखर कारखान्यांचे रोलर, एस.टी.चे कापलेले सांगाडे, विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं, बंदरातून आलेले कंटेनरच्या कंटेनर, सगळं तिकडेच जातं. भट्टीला हवं असतं लोखंड. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं त्याआधीच बाजूला काढतात, त्याचा भाव वेगळा लागतो. 'जालना सोने का पालना' ही म्हण भंगाराच्या धंद्यातले लोक आजही हसत हसत सांगतात.

अशाच एका दुकानात, बाजूला काढलेल्या मालाच्या ढिगात, एका सरांना हे पोतं मिळालं. सर जालना जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत छोटं प्रदर्शन मांडायचं त्यांच्या मनात होतं. दुकानदाराला सगळा बाजार मामू म्हणतो. मामूंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि म्हणाले, "सर, निजामाच्या इमानाचा माल हाय हा. पोलीस ॲक्शनमध्ये पाडलं होतं ना, त्यातला." सरांनी किलोच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले आणि पोतं घेऊन छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आले. मी मोजमापाची जुनी उपकरणं दुरुस्त करतो, आणि विमानांच्या सुट्या भागांचं मला वेड आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांचे प्रश्न दोन होते. हे कुठल्या विमानाचं? आणि चकचकीत कधी करून द्याल? बहुतेक लोक दुसरं काम आधी उरकतात, आणि मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायमचं हातचं जातं. या प्रकरणात ते थोडक्यात वाचलं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

मामूंच्या गोष्टीत किती तथ्य

मामू थाप मारत होते असं मला वाटत नाही. आपल्याकडे जुनी, न समजणारी कुठलीही वस्तू एकतर निजामाची असते नाहीतर रझाकारांच्या वेळची. आणि विमानांच्या बाबतीत निजामाचं नाव यायला खरोखरच कारणं आहेत.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची डीएच-९ए विमानं निजामाच्या पैशातून आली होती, आणि प्रत्येक विमानावर तसा मजकूर रंगवलेला होता. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव मिळालं. १५२ च्या बोधचिन्हात तर निजामाचा शिरपेच आहे. या स्क्वाड्रनची स्पिटफायर १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाईत लढली आणि १९४३ च्या अखेरीस स्क्वाड्रन ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी इकडे आली. म्हणजे मराठवाड्याचा शेतसारा इंग्लंडच्या आकाशात उडाला असं म्हणायला हरकत नाही. दिला कुणी, उडवला कुणी!

पुढे १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून हैदराबादला चोरून शस्त्रं पोहोचवत होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, तीच पोलीस ॲक्शन, तेव्हा आपल्या वायुदलाची टेम्पेस्ट विमानं त्यांच्या साथीला होती. शिवाय डेक्कन एअरवेज ही संस्थानाची भागीदारी असलेली कंपनी डकोटा विमानं चालवायची, ती १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

म्हणजे 'निजामाचं विमान' या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळी विमानं मावतात. त्यातलं एखादं या पोत्यात आहे का, हे पोत्यातल्या मालानेच सांगायला हवं होतं.

माल

वायरींचा गुंता, गंजके नट-बोल्ट आणि एक फुटकी बॅकेलाइटची चकती सोडली तर कामाच्या वस्तू तीन होत्या. पहिली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं हातभर लांबीचं चौकोनी दार. एका कडेला पियानो बिजागरी (कडेभर सलग जाणारी लांब बिजागरी), आतून मजबुतीची पट्टी, आणि बाहेरून कुणीतरी मागाहून ठोकलेली लोखंडी मूठ. रंग बैलगाडीला देतात तसला निळा ऑइल पेंट. दुसरी, काळं, जड, गोल भांडं, वर काच, आत पिवळसर पाणी आणि त्यात मोठा बुडबुडा. तिसरी, मुठीत मावेल एवढी काळी तबकडी, दोन काटे, अक्षरं रशियन.

दाराच्या एका कोपऱ्यावर मामूंच्या पोराने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तळहाताएवढी जागा आरशासारखी करून ठेवली होती. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा म्हणून. त्या तळहाताएवढ्या जागेत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

हात लावण्याआधी

जुन्या लष्करी विमानाचा तुकडा हातात आला की पहिली शंका घ्यायची ती रेडियम या किरणोत्सर्गी धातूची. रात्री दिसावेत म्हणून त्या काळी काटे आणि आकडे रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवत. रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं आणि चमक जाते, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं आहे. म्हणून 'आता चमकत नाही, म्हणजे धोका संपला' हा समज सगळ्यात घातक. काच शाबूत असेल तर अल्फा कण आतच अडतात, गॅमा किरण मात्र बाहेर येतात. काच फुटली, रंगाची पूड उडाली आणि ती श्वासातून आत गेली की मग खरं संकट.

भंगारवाल्यांना हे पटवताना मी मायापुरीचं उदाहरण देतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र भंगारात गेलं, त्यातला कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्टचा तो स्रोत आणि घड्याळाच्या काट्यावरचं रेडियम यांची बरोबरी होत नाही, कोबाल्ट कितीतरी पटींनी जहाल. पण 'भंगारात काय असतंय' हे वाक्य तिथेही कुणीतरी म्हटलंच असणार.

एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर मागवला. दारापाशी आणि रशियन तबकडीपाशी काउंटर आजूबाजूच्या नेहमीच्या पातळीवरच राहिला. काळ्या भांड्याजवळ नेला मात्र, आणि टकटक एकदम दाट झाली. हातभर लांब धरला की लगेच विरळ. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो, हा पुस्तकातला नियम सरांनी पोरांना अनेकदा शिकवला असेल. या वेळी तो कानाने ऐकताना ते गप्प झाले. भांडं तिथेच जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, डब्यात घालून, माणसांच्या वावरापासून लांब ठेवलं.

दुसरी शंका रंगाची. विमानाच्या पत्र्यावरचा पिवळट-हिरवा अस्तर म्हणजे बहुधा झिंक क्रोमेट. त्यातला क्रोमियम कर्करोग करणारा आहे. तो कोरडा घासायचा नाही, उष्णता द्यायची नाही, आणि मामूंच्या पोरासारखा तारेचा ब्रश तर अजिबात नाही. जुन्या बोल्टांवरचा कॅडमियमचा मुलामाही तसाच. इथे बोल्ट कामाचे नव्हते, ते सरळ पिशवीत बंद केले.

दार काय बोललं

सगळ्यात कमी दिमाखाची वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त हिनेच सांगितलं.

आधी खोली अंधारी करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरला. तिरप्या उजेडात उंच-सखल भाग उठून दिसतो. दाराच्या आतल्या बाजूला, मजबुतीच्या पट्टीखाली, निळा रंग पोहोचलाच नव्हता. तिथे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला कापूस टेकवला, आणि पत्रा ओला असेपर्यंत फिकट शाईची तिरपी अक्षरं वाचता आली: 'ॲल्क्लॅड २४ एस-टी', इंग्रजी मोठ्या लिपीत, ओळीने पुन्हा पुन्हा. पाणी सुकलं की अक्षरं गायब. मोबाइलवर फोटो काढला तो ओल्या पत्र्याचाच.

ही अक्षरं पत्रा लाटणाऱ्या अमेरिकन कारखान्याची. ॲल्क्लॅड म्हणजे मधे ताकदीचा मिश्रधातू आणि दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, गंज रोखण्यासाठी. '२४ एस' हे नाव अमेरिकेत १९५४ पर्यंत चाललं, त्यानंतर चार आकडी पद्धत आली आणि त्याच मिश्रधातूला २०२४ म्हणू लागले. म्हणजे पत्रा अमेरिकन आणि तो साधारण पन्नाशीच्या दशकाच्या अर्ध्याआधीचा. लँकास्ट्रियन, स्पिटफायर, टेम्पेस्ट ही तिन्ही ब्रिटिश. संशयितांच्या यादीतून तिथेच तीन नावं बाजूला झाली.

मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायला ठोकलेले खिळे. भिंगाखाली बहुतेक रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखा बारीक खळगा होता. अमेरिकन पद्धतीत ही खूण २११७ मिश्रधातूच्या रिव्हेटची, जी जशी येते तशी ठोकता येते. त्याहून कणखर २०२४ च्या रिव्हेटवर दोन उठावदार रेघा असतात आणि तो ठोकेपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवावा लागतो, नाहीतर कडक होतो. बिजागरीजवळच्या काही रिव्हेटची डोकी मात्र सपाट आणि बिनखुणेची होती. त्यांच्याभोवती पत्र्यावर हातोडीचे चंद्रकोरी वळही होते. मूळ कारखान्यात असं काम पास झालं नसतं. म्हणजे बिजागरी पुढे केव्हातरी, घाईत, दुसऱ्याच कुणीतरी पुन्हा बसवली होती.

बिजागरीच्या पानावर ठोकलेले आकडे होते, पण गंजाने बुजलेले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवायचो तसं केलं, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल घेऊन. दोन आकड्यांबद्दल शंका राहिली, बाकीचे सुटले. डकोटा विमानाच्या लष्करी आवृत्तीची, म्हणजे सी-४७ ची, सुट्या भागांची अमेरिकन पुस्तिका '०१-४०एनसी-४' या क्रमांकाची आहे. त्यात आकड्यांची ओळ जुळलीच, पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. आकृतीतली रिव्हेटची संख्या, पट्टीचा कोन, बिजागरीची बाजू हे सगळं दारावर मोजून पाहिलं. नुसता क्रमांक जुळला म्हणून नाव लावणारे लोक मी पाहिलेत. दोन शंकास्पद आकडे आपल्याला हवे तसे वाचायला माणसाला फार वेळ लागत नाही.

शेवटी रंग. एका कडेला बोटाच्या नखाएवढी जागा निवडून, ओल्या १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क लावून, पायऱ्या पायऱ्यांनी थर उघडत गेलो. तळाला पिवळट-हिरवा अस्तर, त्यावर मळकट ऑलिव्ह, त्यावर चंदेरी, मग राखाडी, आणि सगळ्यात वर गावचा निळा.

ऑलिव्ह पाहून सर उठून उभे राहिले. "म्हणजे लष्करीच ना?" घडवलं तेव्हा लष्करी, हो. पण युद्ध संपल्यावर हजारो सी-४७ विक्रीला निघाली आणि जगभरच्या नागरी कंपन्यांनी तीच घेतली. भारतीय वायुदलानेही घेतली. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख पलटण उतरली ती डकोटातूनच. तेव्हा ऑलिव्हवरचा चंदेरी थर वायुदलाचा असू शकतो, डेक्कन एअरवेजचा असू शकतो, आणखी कुणाचाही असू शकतो. खालचा थर विमानाचा जन्म सांगतो, शेवटचा मालक नाही. गंमत अशी की मामूंचं 'निजामाचं विमान' इथे अगदीच अशक्य ठरत नाही. फक्त ते पाडलेलं नसणार. पत्र्याला गोळीचं भोक नाही, जळल्याची खूण नाही, चुरगळलेली कड नाही. बिजागरी नीट काढून, दार सुटं करून कुणीतरी नेलेलं आहे.

होकायंत्र

काळं भांडं म्हणजे पी-८ जातीचं वैमानिकाचं होकायंत्र. काचेभोवतीच्या कड्यावर जात आणि अनुक्रमांक कोरलेला, शेजारी मुकुट आणि त्याखाली 'ए.एम.' ही ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण, आणि '६ए' ने सुरू होणारा भांडार क्रमांक. ६ए हा विमानातल्या उपकरणांचा विभाग. हे सगळं पिशवीतून, काचेआडून वाचलं. भांडं पुन्हा उघड्यावर घेतलं नाही.

वापरायची रीत मोठी सुटसुटीत होती. वरचं कडं फिरवून हवी ती दिशा लावायची आणि खिटी दाबून पक्कं करायचं. कड्यावर दोन समांतर तारा असतात. मग आतला चुंबकी काटा त्या तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवायचं. आकडा वाचायची गरजच नाही. भांड्यात अल्कोहोल भरलेलं असतं, त्यामुळे काटा झोके न घेता एका जागी येऊन थांबतो.

पी-८ स्पिटफायरमध्ये वैमानिकाच्या गुडघ्यांच्या मधोमध, उपकरणांच्या फळीखाली बसवलेलं असे. हे कळल्याबरोबर सरांनी १५२ स्क्वाड्रनशी धागा जोडला. "हैदराबादचं नाव, स्पिटफायर, ब्रह्मदेश... सर, बसतंय की सगळं!" बसतं खरंच. पण पी-८ हरिकेनमध्येही होतं. अशा उपकरणावर विमानाचं नाव नसतं, आणि बाजारात 'स्पिटफायरचं' म्हटलं की किंमत चढते, म्हणून जगातलं प्रत्येक पी-८ स्पिटफायरचंच निघतं.

या होकायंत्राने तर वेगळीच साक्ष दिली. बसवायच्या भोकांच्या कडा कोऱ्या होत्या. स्क्रूचं डोकं आवळलं की त्याखालचा रंग गोल चेपतो, निघतो, निदान घासला तरी जातो. इथे मूळचा काळा रंग कडेपर्यंत शाबूत. माझं मत असं की हे कुठल्याच विमानात कधी बसवलेलं नाही. भांडारात सुटा भाग म्हणून आलं, तिथेच राहिलं, आणि युद्धानंतर डिस्पोजलच्या मालात विकलं गेलं. एकही उड्डाण नाही. सरांचा चेहरा पडला, पण मला ते होकायंत्र त्यामुळे जास्तच आवडलं.

उंचीमापक

रशियन तबकडीला फारसा वेळ लागला नाही. उंचीमापकाच्या तळाशी खिडकीत हवेच्या दाबाची पट्टी असते आणि ती देश सांगते. ब्रिटिश उपकरणात मिलिबार, म्हणजे प्रमाण दाब १०१३ च्या आसपास. अमेरिकनमध्ये पाऱ्याचे इंच, २९.९२. रशियनमध्ये पाऱ्याचे मिलिमीटर, ७६०. इथे ७६० होतं, उंची मीटरमध्ये होती, आणि तबकडीवर 'व्हेडे-२०' ही खूण होती, म्हणजे वीस किलोमीटरपर्यंत मोजणारं. ही जात लढाऊ आणि मालवाहू दोन्ही विमानांत वापरली गेली. आपल्या वायुदलात रशियन विमानं येऊ लागली ती १९५० च्या दशकात. एएन-१२ आलं १९६१ मध्ये, मिग-२१ आलं १९६३ मध्ये. १९४८ शी या तबकडीचा काडीचा संबंध नाही.

ती चालते का हे न उघडता पाहता येतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. खिडकीत ७६० लावलं की काटा तिथे कुठेतरी यायला हवा, पावसाळ्यात दाब उतरलेला असतो म्हणून जरा वर. काचेवर नखाने हलकी टिचकी मारल्यावर काटा थरथरत साडेसहाशेच्या जवळ आला. मग तबकडी रुमालात गुंडाळून देवगिरी चढलो. किल्ल्याचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच, आणि मोठ्या काट्याचा एक फेरा हजार मीटरचा, म्हणजे माथ्यावर काट्याने पाचवा हिस्सा फिरायला हवा. अंधारीच्या भुयारात टॉर्च मारून तबकडी न्याहाळणाऱ्या माणसाकडे सहलीची पोरं बघत होती. माथ्यावर काटा थोडा मागे अडकला, टिचकीसरशी जागेवर आला. आतल्या दाबाच्या डब्या धड आहेत, फक्त दांड्यांवरचं वंगण घट्ट झालेलं आहे. प्रदर्शनापुरतं एवढं पुष्कळ, म्हणून सील तोडलं नाही.

काय केलं, काय केलं नाही

वाद झाला तो दारावरून. सरांना ते मूळ रूपात हवं होतं: निळा रंग काढायचा, मूठ काढायची, पत्रा लख्ख करायचा.

लख्ख करण्याचं गणित आधी मांडलं. हा पत्रा ०.८ मिलिमीटरचा. ॲल्क्लॅडचा शुद्ध थर अशा पत्र्याला दर अंगाला जाडीच्या साधारण पाच टक्के असतो, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. बफिंगच्या चाकाला तेवढा खायला कितीसा वेळ लागणार? तो गेला की खालचा मिश्रधातू उघडा पडतो आणि त्याला पांढरा गंज भराभर धरतो. मामूंच्या पोराने चमकवलेल्या कोपऱ्यावर आताच बारीक ठिपके उठले होते. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, कपड्यांचा सोडा, यातलं काहीही ॲल्युमिनियमला लावायचं नाही. कॉस्टिक तर पत्रा सरळ खातो.

मुठीचं ठरवणं जास्त अवघड होतं. दार गावात खताच्या पिंपाचं झाकण झालं होतं. आतल्या बाजूला युरियाचे पांढरे ओघळ होते आणि लोखंडी बोल्टांभोवती ॲल्युमिनियमची भुकटी झाली होती. दोन वेगळे धातू, मधे ओल आणि क्षार, मग ॲल्युमिनियमच आधी झिजतं. जतनाच्या दृष्टीने मूठ काढणं बरं. पण विमानात हे दार जितकी वर्षं असेल त्याहून कदाचित जास्त वर्षं ते पिंपावर होतं. मूठ आणि निळा रंग काढला असता तर उरला असता जगात हजारो ठिकाणी असलेला डकोटाचा एक तुकडा. मुठीसकट तो मराठवाड्यातला तुकडा आहे. सरांना हे लगेच पटलं नाही. त्यांच्या मुख्याध्यापिका बाईंनी मूठ धरून दार उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या की. आमच्या घरी पण असलंच झाकण होतं." तिथे वाद मिटला.

मग काम थोडंच उरलं. बोल्ट सोडवले, मुठीचा गंज नायलॉनच्या ब्रशने काढला, आणि मधे नायलॉनचे वॉशर घालून ती पुन्हा बसवली, जेणेकरून दोन धातू एकमेकांना टेकणार नाहीत. पांढरी भुकटी बांबूच्या टोकदार काडीने ओली असतानाच खरवडली, कारण स्टीलची टोच पत्र्याला घाव करते. सौम्य साबणाचं पाणी, मग ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं, कारण युरियाचा क्षार सांध्यात राहिला तर वर्षभरात पुन्हा फुलतो. सावलीत नीट वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. नवा रंग नाही, वार्निश नाही. रंगाच्या थरांची नखाएवढी खिडकी तशीच उघडी ठेवून तिच्यावरही मेण लावलं. प्रदर्शनात पोरांनी सगळ्यात जास्त वेळ तीच पाहिली, असं सर नंतर म्हणाले.

उंचीमापकाची फक्त काच पुसली. होकायंत्रातला बुडबुडा काढायचा तर झाकण उघडून अल्कोहोल भरावं लागतं, आणि आत रेडियम आहे. ते काम घरच्या टेबलावर करायचं नाही, म्हणून हात लावला नाही.

माग

ओळख पटल्यावर मामूंकडे पुन्हा गेलो. आता त्यांच्याही मनात कुतूहल होतं. त्यांनी आठवून सांगितलं की पोतं असं आलंच नव्हतं. दार जिल्ह्यातल्याच एका वाड्यावरून, पिंपासकट. काळं भांडं आणि तबकडी नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून, त्याने ती हैदराबादच्या बाजारातून उचललेली. "इमानाचं दिसलं तसं एका पोत्यात टाकलं पोरांनी. मग पोतंच इमान झालं."

संरक्षण खात्याचा निकामी माल आज एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो आणि त्याचा कागद असतो, तो मागून घ्यावा. जुन्या मालाला असा कागद नसतोच, तिथे तोंडी माग लिहून ठेवावा लागतो: कुणी, कुठून, कशासोबत. एकत्र सापडणं हा पुरावा नाही हे विमानांच्या बाबतीत आपल्याकडे तर जास्तच खरं. युद्ध संपताना कानपूरला मोडतोड करून टाकलेल्या लिबरेटर बाँबफेकी विमानांच्या ढिगातून हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळुरूला ४२ विमानं उभी केली, आणि वायुदलाने ती १९६८ पर्यंत उडवली. त्यातल्या एकाच विमानातले दोन शेजारचे पत्रे मुळात एकाच विमानाचे असतील याचीसुद्धा खात्री नाही.

पाटी

१७ सप्टेंबरला दोनच वस्तू मांडल्या. दारापाशी सरांनी लिहिलं: 'डकोटा (सी-४७) मालवाहू विमानाचं तपासणीचं दार. अमेरिकन बनावट, १९४० चं दशक. सुरुवातीला लष्करी रंग. नंतरचा मालक निश्चित नाही. पुढे जालना जिल्ह्यात खताच्या पिंपाचं झाकण.' उंचीमापकापाशी फक्त जात, देश आणि 'देवगिरीवर तपासलं' एवढं. निजामाचं नाव दोन्हीकडे नव्हतं. ते होतं वेगळ्या फळ्यावर, हैदराबादच्या तीन स्क्वाड्रनच्या माहितीत.

होकायंत्राचा फक्त फोटो लावला, शेजारी रेडियमची माहिती. ते शाळेत ठेवायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं आहे. पुढे त्याचं काय करावं याबद्दल सरांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला पत्र लिहिलं आहे, आणि उत्तर येईपर्यंत डबा कुलपात आहे. मामूंनी मधे निरोप पाठवला होता, एक गिऱ्हाईक 'स्पिटफायरचं होकायंत्र' म्हणून त्याला चांगली रक्कम द्यायला तयार आहे म्हणून. सरांनी नकार दिला, आणि मामूंच्या पोराला गायगर काउंटरचा तो आवाज मोबाइलवर ऐकवला.